भिंतीपलीकडचा प्रिंटर

आदरणीय अध्यक्ष खंडेरावजी, व्यासपीठावरच्या प्रमुख पाहुण्या अहिल्याताई, जिला आज आपण निरोप देतोय ती कुसुमावती, तिचे यजमान शशिकांतराव, दिल्लीच्या द्वारकेतल्या आपल्या मराठी मंडळाच्या बंधूंनो आणि भगिनींनो, आणि मागे उभं राहून जेवण कधी मांडतात ते बघणाऱ्यांनो, सगळ्यांना राधाबाईचा नमस्कार.

माझं शिक्षण चौथी, तेही अर्धी. आधीच्या वक्त्यांनी कुसुमावतीची सरकारी नोकरी, तिची कर्तव्यनिष्ठा यांवर पुष्कळ सांगितलं. खरंच असणार ते, मला त्यातलं काही कळत नाही. मी तिची शेजारीण. माझा पलंग ज्या भिंतीला लागून आहे, तिच्या पलीकडे हिचा दिवाणखाना. मला बोलायचंय ते प्रिंटरबद्दल.

हसू नका. मंगळवारी ज्या मोठ्या अक्षरांच्या कागदांवरून आपण भजनं म्हणतो, ते कुठून येत होते असं वाटलं तुम्हाला? फोनवरची अक्षरं माझ्या डोळ्यांपुढे मुंग्यांसारखी पळतात, म्हणून कागद लागतो.

माझ्या मुलाने, सुधन्वाने, घरी बिनतारेचा प्रिंटर आणला. सून अक्षता स्वयंपाकघरातून फोनवर बोट ठेवते आणि आतल्या खोलीत कागद बाहेर येतो. मी बोट ठेवलं की फोन सांगतो, प्रिंटर सापडला नाही. मी त्या प्रिंटरवर हात ठेवून उभी, आणि हा म्हणतो सापडला नाही. प्रिंटर बंद करून चालू केला. फोन बंद करून चालू केला. सुधन्वा म्हणाला, "आई, रविवारी बघतो." गुडगावला नोकरी करणाऱ्यांचे रविवार तुम्हाला ठाऊकच आहेत.

शेवटी कुसुमावतीला हाक मारली. ती चष्मा कपाळावर चढवून बराच वेळ माझा फोन बघत राहिली.

"काकू, तुमच्या घरात नेटवर्क दोन आहेत. एक होम, एक गेस्ट. प्रिंटर होमवर आहे."

"आणि मी?"

"तुम्ही गेस्टवर."

"म्हणजे पाहुण्यांत?"

"हो. त्याच्यावर इंटरनेट मिळतं, पण घरातल्या वस्तू दिसत नाहीत."

"बरोबर आहे. पाहुण्याने लोकांची कपाटं उघडू नयेत."

ती हसली नाही. तेव्हा मलाही वाटलं, हे हसण्यासारखं नसावं. नातीच्या बारशापासून मी त्या घरात आहे.

सुधन्वाला विचारलं. तो खोटं बोलत नाही, हा त्याचा गुण. म्हणाला, "आई, तू कुठल्याही लिंकवर बोट ठेवतेस. माझ्या लॅपटॉपवर ऑफिसचं काम असतं." त्याचंही चूक नव्हतं. पानिपतच्या चादरी फुकट मिळणार असा निरोप आला होता. मी बोट ठेवलं आणि फोनचं पानिपत झालं. तेव्हा त्याने मला वेगळं काढलं. वेगळं काढलंय, एवढं सांगायचं मात्र राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी कुसुमावती आली. "चलो काकू, माझ्या घरच्या नेटवर्कवर या, माझा प्रिंटरही त्याच्यावरच आहे. भिंतीतून येतं बिल्कुल नीट." त्याचं नाव तिने आपल्या गावावरून सांगली ठेवलं होतं. पासवर्ड तिने माझ्या कानात सांगितला. का, ते विचारू नका, घरात ऐकायला दुसरं कुणी नव्हतं.

तेव्हापासून मी पलंगावर बसून बोट ठेवायची आणि कागद भिंतीपलीकडे हिच्या घरी पडायचा. प्रिंटरची घरघर मला ऐकू यायची. मग बेल. दारात ही, हातात कागद, तोंडात चूक. "काकू, इथे दीर्घ हवा." मी म्हणायची, "देवाला दीर्घ कळतो, तुझ्या सरकारला कळत नसेल." मग चहा. मग संध्याकाळ.

एकदा म्हणाली, "काकू, हे भजन गेल्याच आठवड्यात काढलं होतं की."

"शाई फिकट आली होती."

"अच्छा," म्हणाली आणि बसली. शाई चांगली काळीकुट्ट होती, ते दोघींनाही दिसत होतं.

परवा शशिकांतरावांनी ते इंटरनेटचं यंत्र काढून खोक्यात भरलं. माझ्या फोनवरून सांगली गेली. सुधन्वाच्या ते लक्षात आलं. न सांगता आलं, हे त्याच्या बाजूने नोंदवून ठेवा. काल संध्याकाळी त्याने फोन घेतला, काहीतरी लिहिलं आणि म्हणाला, "आई, आता तू होमवर आहेस. बघ काढून."

मी काढून बघितलं. आजच्या कार्यक्रमाचंच भजन होतं. कागद आतल्या खोलीत सरळ बाहेर आला, अक्षरं स्वच्छ. मी उठले, गेले, घेतला, परत येऊन बसले. दार उघडावं लागलं नाही की कुणाशी बोलावं लागलं नाही. जे हवं होतं ते मिळालं, आणि आता त्याचं काय करायचं ते मला कळत नाही. त्यात दीर्घ कुठे चुकलाय, तेही कळत नाही.

असो. अध्यक्षांनी घड्याळाकडे दोनदा बघितलंय. मंडळाने मला बोलू दिलं, तुम्ही ऐकून घेतलंत, आभारी आहे. शशिकांतराव, तिला चहात साखर कमी द्या. बोलण्यात काही अधिकउणं झालं असेल तर सगळ्यांनी पोटात घालावं. कुसुमावती, तू मात्र घालू नकोस. राग धर, आणि सांगलीला पोचलीस की भांडायला फोन कर.