लेकीच्या गावाचं पाणी

...आन् वर मलाच इचारतोय, "मामा, पाय दुखले का हो?" अरे, पाय कुणाचे दुखतायत! पाय आपले जन्मभर ढेकळांत गेले, त्यांना चिंचवडच्या गल्ल्यांचं काय कौतुक? घसा इचार की माझा, घसा! चैताचं ऊन, जीभ टाळूला चिकटलेली, आन् हा आमचा जावई घाटावर उभा राहून साऱ्या घोळक्याला सांगतोय, "मंडळी, इकडे लक्ष द्या! ही पवना. हिचं पाणी अतिशय गोड!" गोड! आता मी काय करू? मान हलवली. पण नेम म्हंजी नेम!

तुमास्नी सांगतो, मी काय फिरायला म्हणून गेलो नव्हतो. मी गेलो होतो लेकीला कैऱ्यांची पाटी द्यायला. शालन आमची एकुलती एक, आकुर्डीहून हाकेच्या अंतरावर चिंचवडात दिली, जावई जोतीराम मास्तर. माणूस सोन्यासारखा हाय, पण इतिहासाचं याड! पिंपरीला ती औषधाची कंपनी आल्यापासनं तर इचारूच नका. कुठनं कुठनं साहेबलोक ऱ्हायला आलेत, नागपूरचे, कोकणातले, आन् ह्यो त्यांना सुट्टीच्या दिवशी बायकापोरांसकट गोळा करतो आन् पायी गावभर हिंडवतो. त्याला म्हणायचं 'जुन्या चिंचवडचं दर्शन'! मी पाटी खाली ठेवतोय न ठेवतोय तोवर, "वा मामा, अगदी वेळेवर आलात! चला!" आता जावयाला न्हाई म्हणायचं कसं? निघालो!

आन् तिथंच नेम आडवा आला. म्हंजी कसं, लेकीला मूल झाल्याबिगर बापानं तिच्या घरचं पाणी प्यायचं न्हाई, हे तुमच्याकडंबी असंल. पण तुमच्याकडं घराचा उंबरा ओलांडला की सुटलात! आमच्या थोरल्या आज्याला तेवढ्यानं समाधान न्हाई. त्यानं नेम ताणून गावाच्या शिवेपातुर नेला! लेकीच्या गावाचंच पाणी प्यायचं न्हाई! नदीचं न्हाई, आडाचं न्हाई, कुणाच्या माठातलं न्हाई! आज्याला काय, त्याच्या लेकी सगळ्या वरसाच्या आत बाळंत झाल्या. माझ्या शालनच्या लग्नाला चार वरसं होऊन गेली...

आन् नुसत्या घशाचं असतं तर मी रडलो असतो व्हय? अहो, मी "पाणी नको" म्हटलं की अख्ख्या घराला कळतं, का नको ते! पोर तांब्या घिऊन उभी असती, तिचं तोंड एवढंसं होतं. आन् आमच्या विहीणबाई, अंबूबाई! त्या मुद्दाम म्हणणार, "प्या हो सोपानराव, प्या! कुठवर वाट बघायची? आमी बघतोयच की!" मंग घरी येऊन मला जेवण जात न्हाई. प्यावं म्हटलं तर चिंचवडभर होणार, बापानंच आशा सोडली! न्हाई प्यावं तर पोरीला डागणी. सांगा, काय करायचं माणसानं?

तर घाटावरनं निघालो ते एका जुन्या वाड्यापाशी. मास्तर म्हणतो, "इथे टांकसाळ होती असं सांगतात." असंल बाबा! माझं ध्यान आडाकडं. एक बाई रहाटावरनं घागर वर ओढतीय, पाणी हिंदकळतंय, तिच्या पायावर सांडतंय... अहो, सांडतंय! फुकट चाललंय! तेवढ्यात एक नागपूरच्या बाई, फार चांगली बाई, माझ्याकडं बघून म्हणतात, "चेहरा किती उतरला जी तुमचा! घ्या ना जी, थर्मासमधलं गार पाणी हाये." आन् माझ्या डोक्यात उजेड पडला! ह्या बाई पिंपरीच्या! पाणी पिंपरीचं! पिंपरी काय लेकीचं गाव न्हाई! आज्याच्या आज्यालाबी कळायचं न्हाई! मी टोपी सरळ केली, वंजळ पुढं धरली, बाईंनी बूच काढलं, आन् काढता काढता म्हणतात, "घरनं भरून आणायचं राहूनच गेलं होतं जी. तुमच्याच पोरीनं भरून देल्लं निघताना. मोठी गुणाची पोर!"

वंजळ तशीच पुसली धोतराला. काय करता? नेम म्हंजी नेम!

मंग देवळात गेलो. मोरयाचं देऊळ, आत गारवा, पुजारी पळीनं तीर्थ देतायत. आता आली का पंचाईत! तीर्थ हे पाणी हाय का न्हाई? पवनेचंच की! पण देवाच्या अंगावरनं आलेलं. देवाला कुठली आली शीव? देव साऱ्या मुलखाचा! घेतलं. अहो, एवढीशी पळी, ती ओठातच जिरली! जिभेपातुर पोचलीच न्हाई. मी एक प्रदक्षिणा मारली, फिरून रांगेत. घेतलं. आणखी एक प्रदक्षिणा. कोकणातले एक साहेब बायकोला म्हणतात, "बघितलंस? किती भाविक माणूस हा!" तिसऱ्या खेपेला मातुर पुजाऱ्यानं पळी वरच्या वर धरली. "आकुर्डीकर, हे तीर्थ आहे हो, पाणपोई नव्हे!" सगळे हसले. मीबी हसलो. पण गाभाऱ्याकडं बघून मनात म्हटलं, मोरया, तुला ठावं हाय सगळं. माझी चेष्टा होऊ दे, पण पोरीकडं बघ रे बाबा...

तिथनं आणखी चार आळ्या! कोपऱ्याकोपऱ्यावर मास्तर थांबणार, काठी वर करणार, "आता येथे पाहा!" मला तर भिंतीसुदिक ओल्या दिसायला लागल्या. शेवटी घराशी आलो. साहेबलोक पिंपरीला गेले, मी ओसरीवर टेकलो, आन् समोर तांब्या! घासलेला, काठोकाठ भरलेला, वर फुलपात्र, शेजारी गूळ. तुमास्नी खरं सांगतो, त्या घटकेला मला ना आजा आठवला ना आज्याचा नेम. मनात म्हटलं, मरू दे! गेली आशा तर गेली, लोकं बोलली तर बोलली, पाणी पिऊन तरी मरू! आन् घातला हात तांब्याला!

"खबरदार!"

अंबूबाई! आतनं धावत आल्या आन् तांब्या हिसकलाच माझ्या हातातनं! निम्मं पाणी माझ्या धोतरावर! "एवढी वरसं कोरडे राह्यलात आन् आज पिता व्हय? आज? आत्ताच सुईण येऊन गेली! दिवाळीला आजोबा व्हायचंय तुमास्नी, कळलं का?"

मला कळंना. मी आपला धोतराकडं बघतोय. दाराआड शालन उभी, तोंडावर पदर, आन् पदराआडनं हसतीय... चार वरसांत पोर अशी हसली नव्हती हो! मंग कळलं. आन् मी रडलो. उघड रडलो, जावयादेखत. अंगात थेंब न्हाई पाण्याचा, आन् डोळ्यांतनं कुठनं आलं कुणास ठावं! छातीवर धोंडा होता, तो उतरला राव. अंबूबाईंचंबी नाक लाल. म्हणतात, "आजवर लई टोचून बोलले, मनात धरू नका. मलाबी वाटायचंच की."

आता इथंच गप बसावं का न्हाई बाईनं? न्हाई! दुसऱ्या घडीला म्हणतात, "पण मोरयानं ऐकलं कशामुळं? तुमी गावभर तहानलेले फिरलात म्हणून!" आता सुईण काय माझ्या फिरण्यानं आली? बातमी तर आधीचीच! पण त्यांना सांगणार कोण? त्यांनी देवापुढं सुपारीच ठेवली: पोर माहेरी बाळंतपणाला जाईस्तोवर दर चतुर्थीला सोपानरावांनी असंच पायी फिरायचं, तसंच, कोरडं! मास्तरची कळी खुलली. "मामा, फार उत्तम! पुढच्या खेपेला धनेश्वराच्या देवळापर्यंत जाऊ!" न्हाई म्हणू? पोरीच्या तोंडावरचं ते हसू बघून न्हाई म्हणू?

तर मंडळी, उद्या चतुर्थी हाय. तो हंडा जरा सरकवा इकडं... उद्याचं पाणी आजच पिऊन ठेवतो.