अप्पांचं श्रीखंड

प्रमोदिनी : हळू बोला, अप्पा. बाहेर माणसं विडे खात बसलीत.

अप्पा : मी कुठं बोलतोय? मी हात धुतोय. बोलते आहेस तू.

प्रमोदिनी : तीनदा! तीनदा मागून घेतलंत श्रीखंड. आणि मागणं तरी कसं? 'अगं, डाव नुसता दाखवतेस काय, पानात पडू दे की!' सरोजच्या मामी पदराआड हसत होत्या.

अप्पा : हसल्या ना? मग जेवण रुचलं.

प्रमोदिनी : केळवण सरोजचं होतं. तुमचं नव्हे.

अप्पा : पंचा कुठं ठेवलास, पमे?

प्रमोदिनी : आई ठेवायची तिथंच. खुंटीला.

अप्पा : हं.

प्रमोदिनी : पंधरा दिवस ठाण्याला घरी सगळ्यांना गुळाचा चहा पाजला मी. रेशनकार्डावरची साखर साठवली, ती डब्यात घालून इथे डोंबिवलीला आणली. पाहुण्यांच्या तोंडी लागावं म्हणून. तुम्ही एकट्यानं पाव पातेलं संपवावं म्हणून नाही.

अप्पा : पण झालं होतं झकास. जायफळ अगदी बेताचं.

प्रमोदिनी : विषय बदलू नका. आईला जाऊन आठ महिने झाले. वर्षसुद्धा झालेलं नाही. मी म्हणत होते, यंदा घरात गोडधोड नको, सरोजला एक साडी पाठवू. ऐकलं नाहीत.

अप्पा : तुझ्या आईनं शब्द दिला होता पोरीला. शिवणाच्या वर्गात सगळ्यांसमोर. 'सरोज, तुझं पहिलं केळवण माझ्याकडे.'

प्रमोदिनी : शब्द पाळायला माझी ना नव्हती. पण आईच्या जागी उभी राहून वाढताना एकेक पान कसंबसं उरकत होते मी, अप्पा. आणि तुम्ही बोटं चाटत होतात. मला नुसती लाज वाटली असती तर चाललं असतं. मला वाटलं, ह्या माणसाला काही झालेलंच नाही.

सरोज : ताई, आत येऊ?

प्रमोदिनी : ये गं. विचारतेस काय?

सरोज : निघतो आम्ही. मामा म्हणतात, कल्याणची अडीचची गाडी गाठायची. नमस्कार करते. ताई, ओटीतला खण काकूंच्या पेटीतला ना? मी ओळखला. वर्गात त्या तो दाखवायच्या आणि म्हणायच्या, ह्याला कात्री लावाल तर बघा.

प्रमोदिनी : तुझ्या नावाची चिठ्ठी होती त्याला. सुखी राहा.

सरोज : अप्पा, वाकू नका हां, मी पोचते पायांपर्यंत.

अप्पा : औक्षवंत हो. सासरी पोटभर जेवत जा.

सरोज : ते इथंच जमतं बाई मला. म्हणजे मामी वाईट नाहीत हां, त्यांनीच वाढवलंय मला. पण पंगतीला बसलं की त्यांचा डोळा माझ्या पानावर. 'मुलीच्या जातीनं दुसऱ्यांदा मागू नये, लोक हावरी म्हणतात.' नुसतं मागायचं नाही असं नाही, विचारलं तरी नको म्हणायचं. इथं तसं होतच नाही.

प्रमोदिनी : का? इथे काय वेगळं?

सरोज : इथे अप्पा मागतात ना! मग डाव पंगतभर फिरतो. मी नको म्हणेपर्यंत माझ्या पानात पडलेलंसुद्धा असतं. मामी तरी काय बोलणार? काकू माझं पान नेहमी अप्पांच्या शेजारीच मांडायच्या. आज तुम्हीही तिथंच मांडलंत, मला फार बरं वाटलं.

प्रमोदिनी : मी नाही मांडलं. पानं अप्पांनी मांडली.

अप्पा : चला चला, मामा खोळंबलेत. गाडी थांबणार आहे का तुमच्यासाठी?

(दोघं पाहुण्यांना फाटकापर्यंत पोचवून स्वयंपाकघरात परततात.)

प्रमोदिनी : अप्पा, तुम्हाला श्रीखंड आवडतं?

अप्पा : आता हे काय नवीन?

प्रमोदिनी : आवडतं का, तेवढं सांगा.

अप्पा : लहानपणापासून दही म्हटलं की माझ्या अंगावर काटा येतो. साखर घाला, केशर घाला, शेवटी ते दहीच.

प्रमोदिनी : दर वाढदिवसाला मी ठाण्याहून डबा भरून आणते!

अप्पा : आणतेस खरी. शेजारच्या प्रभाकरला फार आवडतं.

प्रमोदिनी : अप्पा!

अप्पा : अगं, हसतेस काय, रडतेस काय, एक काहीतरी कर. बस त्या पाटावर.

प्रमोदिनी : हे कधीपासून?

अप्पा : लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासून. आमच्या हाफिसातला धोंडीबा जेवायला आला होता. भारी बुजरा. एक पोळी खाल्ली आणि हात आखडून बसला. तुझी आई आग्रह करी तसा तो आणखी आखडे. तो गेल्यावर ती म्हणाली, 'उपाशी गेला हो तो. आग्रहानं लाजरा माणूस मरतो. घरच्यानंच हावरट व्हायला हवं.' पंगतीत एकाला वाढलं की सगळ्यांना वाढावं लागतं, पंक्तिप्रपंच कोण करणार? मग हावरट कुणी व्हायचं? ती वाढणारी. उरलो मी.

प्रमोदिनी : आणि कधी मागायचं, ते कसं कळायचं तुम्हाला?

अप्पा : ती वाढता वाढता माझ्या पानासमोर थांबायची. बोलायची नाही, बघायची नाही. नुसती थांबायची. की मी ओरडायचं.

प्रमोदिनी : सगळे नातेवाईक तुम्हाला खादाड म्हणतात.

अप्पा : एकदा चिडलो होतो मी त्यावरून. तर म्हणते, 'माझ्या घरून कुणी उपाशी जात नाही असं म्हणतात ना, ते तुमच्या जिवावर.' झालं. पुढची पंचवीस वर्षं मुकाट्यानं गिळलं.

प्रमोदिनी : मला सांगायचं तरी.

अप्पा : ती म्हणायची, सांगितलं की त्याचं नाटक होतं.

प्रमोदिनी : आज मी कुठं थांबले? मला माहीतच नव्हतं.

अप्पा : तू भराभर पुढे जात होतीस. पहिल्यांदा मागितलं ते सरोजचं पान बघून. दुसऱ्यांदाही.

प्रमोदिनी : आणि तिसऱ्यांदा?

अप्पा : तिसऱ्यांदा पोरीचं पोट भरलं होतं.

प्रमोदिनी : मग?

अप्पा : मग काय? मला वाटलं, ती थांबली पानासमोर.

(प्रमोदिनी पातेलं उचलते.)

अप्पा : ते पातेलं कशाला उचलतेस? भाताचं ना ते?

प्रमोदिनी : पाणी घालून ठेवते. बुडाला खरवड धरलीय.

अप्पा : घातलंस पाणी?

प्रमोदिनी : नाही अजून.

अप्पा : मग थांब. पाहुणे गेले, तुम्ही मुलं त्यांना स्टेशनापर्यंत पोचवायला गेलात, की आम्ही दोघं ती खरवड काढून खायचो. वर तूप. पातेल्यातूनच. मी म्हणायचो, अगं, पातेल्यात जेवलं की लग्नात पाऊस पडतो. ती म्हणायची, पडू दे, आपलं उरकलंय.

प्रमोदिनी : आणि आता एकटे असताना?

अप्पा : मूठभर तांदळाच्या भाताला कुठली आलीय खरवड?

प्रमोदिनी : सरका जरा. तूप घेते.

अप्पा : तू जेवली नाहीस अजून. आधी तुझं पान घे.

प्रमोदिनी : पान नको. अप्पा...

अप्पा : काय?

प्रमोदिनी : मी थांबलेय तुमच्यासमोर.

अप्पा : वाढ मग. दोघांपुरतं तूप वाढ.