महागाचं सॉफ्टवेअर

आर्णीचा आमचा सलीम मिस्त्री एकदा हट्टाले पेटला. पोरीच्या लग्नात गिटारवर सोताचंच गाणं रेकॉर्ड करून वाजवाचं. घरीच एका फुकटच्या सॉफ्टवेअरवर त्यानं ते रेकॉर्ड केलं. डीजेवाल्या दिलीपनं ते ऐकून नाक मुरडलं. "फुकटच्या सॉफ्टवेअरचा आवाज टिनाच्या डब्ब्यातून आल्यावानी येते. महागाचं घे, नाहीतर मी वाजवत नाही."

सलीमचं तोंड उतरलं. मी म्हटलं, "गिटार उचल, माह्या घरी चाल."

माही खोली विकाले ठेवलेल्या कापसानं छतालोक भरलती. त्यात आवाज घुमतच नाही. तिथं बसून त्याच सॉफ्टवेअरवर गाणं घेतलं अन् दिलीपले ऐकवलं.

"आता कसं. लग्नात हेच वाजवतो. घेतलं ना महागाचं?"

"नाही गड्या, सॉफ्टवेअर तेच फुकटचं. फक्त सलीमले कापसात गाडून गायले लावलं."