एका ओळीतली मुलगी

'बोलत नाही तेच बरं, तोंड उघडलं की घर कळतं' – तुझी मावशी म्हणाली हे, माझ्याबद्दल, आणि मी दाराआड कपांचा ट्रे घेऊन उभी. अरे, बूट काढ आधी, असा दारात काय थांबलास – हो, वाचनमंडळाच्या सगळ्या बायका गेल्या, केव्हाच. आई आत पडल्यात, डोकं दुखतंय म्हणे. दुखणारच. आणि आई काय म्हणाल्या माहितीये मावशींना? 'हळू, आत आहे ती.' म्हणजे बोलणं चुकलं नाही, आवाज तेवढा मोठा झाला! – नाही, बसत नाही मी, उभीच बरी. काय बोलले मी? सांगते ना. पण आधीचं ऐकलं नाहीस तर तुलाही वाटेल, हिचं डोकं फिरलं.

कादंबरी तू वाचलेली नाहीस, तू कशाला वाचशील. दोन बायका आहेत तिच्यात. एक बंगल्याची मालकीण – चित्रं काढायची असतात तिला, नवरा काढू देत नाही, तर एका सकाळी झोपलेल्या मुलाचा पापा घेऊन घर सोडते. दुसरी त्या मुलाची आया. आज आईंच्या वाचनमंडळात चर्चा काय, तर दोघींत मोठी कोण. चर्चा कसली, सगळ्यांचं आधीच ठरलेलं – मालकीण! काय तो त्याग, पोटचं पोर सोडून जायचं म्हणजे काळीज केवढं लागतं – समोरच्या डॉक्टरीणबाई तर रडल्याच, चष्मा पुसून पुसून. आणि आया? 'ती चांगली आहे हो बिचारी, पण ती नोकरी करत होती.' झालं, आया संपली. कुणीतरी बिस्किटं पुढे सरकवली.

मी गप्पच होते. लग्न झाल्यापासून गप्प आहे, आणखी एक दुपार काय जड होती? पण त्या पुस्तकात एक ओळ आहे रे – एकच – की आयालाही मुलगी आहे, लहान, तिला शेजारणीकडे ठेवून ती रोज कामावर येते. बस्स. पुढे त्या मुलीला नाव नाही, ती जेवली की उपाशी तेही नाही. मालकिणीनं एकदा पोर सोडलं, त्याला अख्खं प्रकरण, वर बाहेर पाऊस, वर शेजारी कुणाचा तरी पियानो. आया रोज सकाळी सोडते, तिला एक ओळ. आणि जाताना मालकिणीची बॅग जिन्यावरून खाली कोण उतरवतं? आयाच. कुणाच्या लक्षातही नाही. मालकीण वाईट असं नाही म्हणत मी, तीही घुसमटलीच होती, मला आवडते ती – खरं सांगू, हेवा वाटला तिचा. निघताना पोराला कुणाजवळ तरी सोडता आलं तिला. आणि त्या कुणाच्या तरी पोराला –

असो. – 'जाऊ दे' म्हणू नकोस, इतके दिवस तेच करतेय. तर ट्रे घेऊन मी आत आले, तेवढ्यात आईंनी माझी ओळख करून दिली, मंडळात नव्यानं आलेल्या एका बाईंना: 'ही आमची सून. हिच्या आई बालसंगोपनात असतात.' बालसंगोपन! कुठल्या खात्याच्या संचालकच जशा. मला आधी हसूच आलं, शपथ. मग कळलं, लग्न झाल्यापासून माझ्या आईला एकदाही इथे का बोलावलं नाही ते – बालसंगोपनवाल्या बाई झिजक्या चपला घालून कशा येतील? आणि असला जड शब्द आईंना सुचायचा नाही, मावशींना तर नाहीच. असले शब्द ऑफिसात तू लिहितोस. – बघ, लगेच बुटाची नाडी सुटेना तुझी. तूच ना? राहू दे. नको सांगूस.

तर ट्रे ठेवला मी खाली. आणि बोलले – सावकाश, घर नीट कळावं इतकं स्वच्छ: 'माझी आई आया आहे. त्या एका ओळीत शेजारणीकडे ठेवलेली मुलगी आहे ना, तशीच मी. जेवायचे मी दुपारी. संध्याकाळी आई आली की तिच्यासोबत पुन्हा जेवायचे. पुढच्या रविवारी ती येणार आहे इथे, मी बोलावलंय. दोघींत मोठी कोण, ते तिलाही विचारा.'