आमची ट्रॉफी बिलोलीत कशी गेली

फायनल आम्ही जिंकली, पण ट्रॉफी हाय बिलोलीत. कसं काय, ते मलाबी नीट उमगलं न्हाई.

झालं असं, लातूरच्या एका सरांनी आमच्या देवणीच्या कबड्डी मंडळाचं नेतृत्व शिबिर घेतलं. म्हणले, "खरा नेता मागं राहतो, दुसऱ्याला पुढं करतो."

पुढच्याच रविवारी आम्ही बिलोलीला हरवलं. बक्षीस द्यायला आलेले पाहुणे ट्रॉफी घेऊन उभे.

कप्तान म्हणला, "अध्यक्ष, तुम्ही घ्या."

अध्यक्ष म्हणले, "सचिव, तुम्ही व्हा पुढं."

सचिव मी. मी म्हणलो, "मान कप्तानाचा."

पाहुण्यांचे हात भरून आले. त्यांनी जवळ उभ्या बिलोलीच्या कप्तानाला ट्रॉफी देऊन टाकली. टाळ्या आम्हीच वाजवल्या.

आता ती आणायला कोण जातं म्हणलं, की सगळे एकमेकाला म्हणायलेत, "तुम्ही व्हा पुढं."