तिसऱ्या भागातली उडी

भाची : मामा, आधी ते किल्ल्यांचं मशीन बंद कर. किल्ली नंतर घास. पाच वाजता यादी कायम होणार आहे, आणि तीत तिसरा भाग नाहीये.

मामा : नाही तर नाही. बाकीचे दहा भाग आहेत ना? चिक्कार झाले.

भाची : चिक्कार काय? टुणक्याला पंचवीस वर्षं झाली म्हणून कंपनी त्याचे सगळे व्हिडिओ खेळ एका पेटीत घालून विकणार, आणि तू बनवलेला तेवढा बाहेर. मी त्याच कंपनीत बसून हे बघत राहू?

मामा : राहा की. पगार मिळतो ना?

भाची : अर्धा तास भांडले मीटिंगमध्ये. साहेब म्हणतात, लोकांनी तेव्हाच नाकं मुरडली होती, बटण दाबल्यावर उडी उशिरा लागते म्हणून. मी म्हटलं, अहो, हा एकच भाग असा आहे की टुणक्या कुणाला सोडवायला जात नाही. तो घरी परत निघालाय! दुसऱ्या भागातलेच डोंगर, तेच पूल, पण उलट्या बाजूने. जाताना ज्यांना लाथा घातल्या, ते राक्षस आता दारात मोजे वाळत घालतायत. कुठल्या खेळात बघितलंय असं कुणी?

मामा : हसलं का कुणी?

भाची : एक जण हसला. हिशेबवाला. मग साहेब म्हणाले, ज्याने खेळ केला त्याच्या चार ओळी आणा, बघू. मी लिहूनच आणल्यात. तू फक्त सही कर.

मामा : बाहेर गिऱ्हाईक उभं आहे.

भाची : कुणी उभं नाही. ऐक. 'टुणक्या दमलेला आहे, म्हणून त्याची उडी जड आहे. कड यायच्या एक पाऊल आधीच खेळणाऱ्याने ठरवायचं, उडायचं की थांबायचं. हे मी मुद्दाम केलं.' तोंड का वाकडं केलंस?

मामा : मुद्दाम! तुला कुणी सांगितलं हे?

भाची : सांगायला कशाला हवं? आठवीची अख्खी सुट्टी मी तुझ्या खेळातल्या त्या पाणचक्कीवर काढली. घरात आईबाबांचं रोजचं वाजत होतं. मी आवाज मोठा करून खेळायचे, पडायचे, परत खेळायचे. शेवटी ते एक पाऊल आधीचं गणित जमलं आणि पार झाले. त्या सुट्टीत मला धड जमलेली तेवढी एकच गोष्ट, मामा.

मामा : ताईने तेव्हा नवा चपटा टीव्ही घेतला होता.

भाची : तूच तर भिंतीवर लावून दिलास. त्याचं काय?

मामा : तो चित्र किंचित उशिरा दाखवायचा. डोळ्याला कळत नाही, बोटाला कळतं. ऑफिसात आमचा जुना, पेटीसारखा टीव्ही. त्यावर उडी अगदी वेळेवर. दमलेला कसला डोंबलाचा! चुकलो होतो मी.

भाची : आणि तुमच्यापैकी एकालाही कळलं नाही?

(मामा मशीन सुरू करतो. भाची हात लांब करून बटण बंद करते.)

मामा : कळलं होतं. खेळ तपासायला एक मुलगी होती. तिने घरच्या नव्या टीव्हीवर खेळून बघितलं. तीनदा येऊन म्हणाली, सर, उडी उशिरा लागतेय. मी म्हटलं, मग तुझा टीव्ही बदल. सगळ्यांसमोर म्हटलं. सगळे हसले.

भाची : मग?

मामा : मग खेळ आपटला. मालकांनी विचारलं, हे तपासलं कुणी? मी खाली मान घालून उभा. तिला काढलं. ती बोलली सगळं, पण लेखी काही नव्हतं, आणि हसणाऱ्यांना आपापल्या नोकऱ्या होत्या. दोन महिन्यांनी मी सोडली, ती तोंड लपवायला.

भाची : काय बोलू मी आता तुला?

मामा : काही बोल. वीस वर्षं मला त्या खेळाचं नाव ऐकवत नाही. राहू दे तो गाडलेला.

भाची : अरे, पण खेळाने कुणाचं घोडं मारलंय? चूक तुझी. राक्षस मोजे वाळत घालतात, ती चूक नाही. घर जवळ येतं तसं गाणं हळू होत जातं, ती चूक नाही. आणि पाणचक्की काय आमच्या टीव्हीने पार केली? उडी आज एका दुपारात दुरुस्त होते. तुला खेळ गाडायचाच नाहीये, मामा. तुला ती मुलगी गाडायची आहे.

मामा : ...किती वाजले?

भाची : पावणेपाच.

मामा : तो कागद फाड. दुसरा घे. लिही. 'तिसऱ्या भागातली उडी मुद्दाम जड केलेली नाही. ती चूक आहे आणि माझी आहे. खेळ तपासणाऱ्या मुलीने मला तीनदा सांगितलं होतं. मी तिची थट्टा केली, आणि तिला काढलं तेव्हा गप्प बसलो.'

भाची : तिचं नाव?

मामा : दे इकडे, ते मी लिहितो.

भाची : हे वाचून साहेब खेळ घेतील असं वाटत नाही मला. कायमचाच बाद करतील.

मामा : करतील.

भाची : मग?

मामा : तरी पाठव.