मामाजी, चहा आणि ज्वारीच्या कुकीज

आमच्या मामाजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, चहात बिस्किट बुडवल्याशिवाय सकाळ झाल्यासारखी वाटतच नाही. डॉक्टरांनी पोटासाठी गहू आणि मैदा कायमचा बंद केला, तेव्हा त्यांनी चहाही सोडला. "कोरडा चहा काऊन पिऊ मी?" म्हणाले आणि रुसून बसले.

शेवटी मी मोबाईलवर बघून ज्वारीच्या पिठाच्या कुकीज करायला घेतल्या. पिठात लोणी आणि गूळ घातला, कढईत मीठ तापवलं आणि त्यावर ताटली ठेवून भाजल्या. रंग असा सुरेख आला, की सासूबाई शेजारच्या काकूंनाही बोलावून घेऊन आल्या.

मामाजींनी मोठ्या ऐटीत पहिली कुकी चहात बुडवली. बाहेर आली ती नुसती बोटं.

"अवं, कुठी गेलं बाप्पा?"

दुसरीही तशीच गेली. तिसरी त्यांनी चहाला नुसती टेकवली, तर तीही डुबकन आत! काकू पदरात तोंड लपवून हसत होत्या, सासूबाई भिंतीला टेकल्या होत्या आणि मी रडकुंडीला आले होते. ज्वारीला गव्हासारखा चिकटपणा नसतो, हे मला कुठे माहीत होतं!

मामाजींनी शांतपणे चमचा मागितला, कप ढवळला आणि तळापर्यंत खरवडून खाल्ला.

मी घाबरत विचारलं, "कसं झालं, मामाजी?"

"मस्त झालं, सूनबाई!" मिशा पुसत ते म्हणाले. "फक्त उद्या भाजत नको बसू. पीठ सीधं चहातच टाक."